आवाज येऊन राहिला का?

शनिवारी रात्री साडेआठपर्यंत कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या स्वयंपाकघरातली भांडी घासून झालेली असतात, ओटा पुसलेला असतो, आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसते. पडद्यावर आधी काळोख असतो. मग फरशीचा एक तुकडा दिसतो, कुणाची तरी पावलं, उदबत्तीचा धूर, निळ्या भिंतीचा कोपरा. उत्तर नागपुरातल्या एका विहारात तेव्हा रविवारचे सकाळचे नऊ वाजलेले असतात. कुणीतरी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा करतं. तो घसरतो. पुन्हा उभा करतात, पुन्हा घसरतो. तिसऱ्यांदा नीट बसला की सतरंजीवरच्या पंधरा-वीस मुली, सात-आठ पोरं आणि मागे भिंतीला टेकलेल्या बाया दिसू लागतात. मग अगदी जवळून, पडदाभर नुसती चष्म्याची काच दिसावी इतक्या जवळून, एक आजी विचारतात, "जय भीम बाई. आवाज येऊन राहिला का?"

पुण्याचं माणूस विचारेल, आवाज येतोय का. आमच्या नागपुरात तो 'येऊन राहतो'. घर सोडून मला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझी बोली बरीच धुऊन निघाली, पण हे शब्द कानावर पडले की आत काहीतरी आपल्या जागी येऊन बसतं. येणं आणि राहणं, दोन्ही एकाच क्रियेत. आवाज नुसता येऊन गेला असं होऊ नये, तो राहावा, ही काळजी मला त्या प्रश्नात ऐकू येते.

"येऊन राहिला, आजी," मी म्हणते, आणि वर्ग सुरू होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा वस्तीतल्या मुलांचं शिक्षण फोनवर गेलं. पण फोन कुठे होता? घरात एक, तोही बाप कामावर जाताना खिशात घेऊन जाणार. माझ्या आईच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. अख्खी वस्ती त्यांना मॅडम म्हणते. त्यांनी घरोघर फिरून हिशोब केला, की सगळे फोन एकाच वेळी घरी असतात ते रविवारी सकाळी. म्हणून आमचा वर्ग रविवारचा. फुकटातली मीटिंग चाळीस मिनिटांनी आपोआप तुटते, म्हणून आमचा तासही चाळीस मिनिटांचा. सगळे पुन्हा जोडले जाईपर्यंत तिकडे चहा होतो. तो चहाही आता वेळापत्रकातलाच झाला आहे. नोव्हेंबरात विहार पुन्हा उघडला, तेव्हा एकेकट्या घरांतली मुलं एका सतरंजीवर आली, आणि अठरा छोट्या चौकटींची एक मोठी चौकट झाली. पुढे शाळा उघडल्या, साथ ओसरली, तरी वर्ग सुटला नाही. शाळेत जे मिळत नव्हतं ते इथे मिळू लागलं होतं.

शाळेत काय मिळत नव्हतं, ते मला माझ्या मुलीनं दाखवलं.

ती सहावीत होती. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकात प्राचीन भारताचा धडा होता आणि धड्यात एक रंगीत त्रिकोण होता, चार पायऱ्यांचा. पायऱ्यांच्या खाली, चित्राच्या बाहेर, बारीक अक्षरात एक ओळ होती. मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलानं तिला विचारलं, यातली तुझी पायरी कुठली? संध्याकाळी मी मेथी निवडत होते. तिनं पुस्तक माझ्यासमोर धरलं आणि तोच प्रश्न मला विचारला. माझ्या हातातली जुडी हातातच राहिली. मी एवढी शिकलेली, चळवळीच्या घरातली, पण त्या दिवशी मला दहा वर्षांच्या मुलीला सांगता येईल असं एक वाक्य सापडलं नाही. कॅलिफोर्नियात सहावीच्या मुलांनी भारताविषयी आणि जातीविषयी काय वाचावं, यावर २००५-०६ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये मोठे वाद झाले होते, आणि दोन्ही बाजूंना भारतातून आलेलीच माणसं उभी होती. 'दलित' हा शब्द पुस्तकात राहावा म्हणून आपल्या लोकांना सरकारी सुनावणीत उभं राहून बोलावं लागलं. हे सगळं मला ठाऊक होतं. पण सुनावणीत काय बोलावं हे ठाऊक असणं वेगळं आणि मेथीच्या जुडीसमोर काय बोलावं हे ठाऊक असणं वेगळं.

मॅडमनी वर्गासाठी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, ते त्या संध्याकाळच्या ओझ्यानं. मी जोरात तयारी केली. एथ्निक स्टडीज, म्हणजे पुस्तकात जागा न मिळालेल्या लोकांचा अभ्यास, हा विषय अमेरिकेतल्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या संपातून कसा जन्माला आला, वंश म्हणजे काय, भेदभाव कसा चालतो, असं सगळं बसवून बेचाळीस स्लाइड केल्या. पहिल्या रविवारी अकराव्या स्लाइडवर आजींनी हात वर केला. त्या जन्मानं कामठीच्या. आयुष्यभर बिड्या वळल्या, आता डोळ्यांनी साथ सोडली म्हणून बंद केलं.

"बाई, तू जे सांगून राहिली थे चांगलंच हाये. पण आमच्या कामठीचं त्यात काई हाये का?"

त्यात कामठीचं काही नव्हतं. मी तसं सांगितलं. मॅडमनी वर्ग तिथंच थांबवला आणि सगळ्यांना घरचा अभ्यास दिला, की पुढच्या रविवारी प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा, ज्याचं उत्तर त्याला खरंच हवं आहे असा.

त्या प्रश्नांचे कागद माझ्याकडे अजून आहेत, फोटोंच्या रूपात. वहीचं पान, कॅलेंडरची मागची बाजू, किराण्याच्या पुडीचा कागद. आपल्या वस्तीचं नाव कुणी ठेवलं? 'जय भीम' पहिल्यांदा कोण म्हणालं? आजोबा ज्या एम्प्रेस मिलमध्ये होते ती कुणाची होती? काळ्या लोकांचं आणि आपलं काय सारखं आहे? माय शाळेत काहून गेली नाही? बेचाळीस स्लाइडांमध्ये यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आमचा अभ्यासक्रम त्या कागदांवरून तयार झाला.

'जय भीम'चं उत्तर तर आजींच्याच गावात निघालं. हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना देतात. त्यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली, कामठीत रात्रशाळा चालवली, आणि १९३७ मध्ये ते प्रांताच्या विधिमंडळावर निवडून गेले. दिवसभर तेंदूच्या पानांवर वाकलेली माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात पाटीवर वाकत. हे सांगताना मला वाटून गेलं, की माझ्या घड्याळात आमचा वर्गही रात्रशाळाच आहे.

एथ्निक स्टडीजला मराठीत काय म्हणायचं, यावर आमचा एक अख्खा तास गेला. मी वंश-अभ्यास म्हणून पाहिलं, समाज-अभ्यास म्हणून पाहिलं. मुलींना काहीच पटेना. मॅडम म्हणाल्या, "एवढं कशाला, 'आपला अभ्यास' म्हणू." तेच नाव पक्कं झालं. मला तेव्हा त्या नावाची खोली कळली नव्हती. मराठीत 'आमचा' म्हटलं की ऐकणारा दाराबाहेर राहतो. 'आपला' म्हटलं की तोही आत येऊन बसतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं, तेव्हा त्यांनी समुद्रापलीकडच्या त्या लढ्याला 'आपला' म्हटलं होतं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाऱ्हाणी एका अर्जानं संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली गेली होती, त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी ऑकलंडच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचं नाव ठेवलं. ते ऑकलंड माझ्या घरापासून गाडीनं पाऊण तासावर आहे. मी कित्येकदा तिथून गेले होते. 'आपला' हा शब्द हातात आल्यावर ते गाव मला निराळं दिसू लागलं.

एका रविवारी आम्ही दोन बायांचा अभ्यास केला.

पहिली साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटाजवळच्या चार्ल्सटनची, बर्निस रॉबिन्सन. केस करून देण्याचा धंदा. त्या राज्यात मतदार व्हायचं तर संविधानाचा उतारा वाचून दाखवावा लागे, आणि बेटावरच्या मोठ्या माणसांना वाचता येत नव्हतं. जानेवारी १९५७ मध्ये बेटावरच्या एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोल्यांत वर्ग सुरू झाला. पुढे किराणा विकायला ठेवलेला, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. सेप्टिमा क्लार्क या अनुभवी शिक्षिकेनं आपल्या नात्यातल्या या बर्निसला शिकवायला उभं केलं, कारण ती शिक्षिका नव्हती. तिनं पहिल्या दिवशी लहान मुलांची पुस्तकं नेली, आणि समोरची चौदा मोठी माणसं बघून बाजूला ठेवली. तुम्हाला काय शिकायचंय, असं तिनं विचारलं. कुणाला आपलं नाव लिहायचं होतं, कुणाला टपालानं माल मागवायचा फॉर्म भरायचा होता, कुणाला दूर गेलेल्या मुलाला पत्र लिहायचं होतं. तेच धडे झाले. पुढच्या दहा-बारा वर्षांत तसल्या वर्गांनी दक्षिणेतल्या हजारो माणसांना मतपेटीपर्यंत नेलं.

दुसरी आमच्या नागपूरची, जाईबाई चौधरी. नागपूरहून कामठीपर्यंत लोकांची ओझी वाहायची. एका मिशनरी बाईनं तिला वाचताना पाहिलं आणि मिशनच्या शाळेत नोकरी दिली. अस्पृश्य बाई मुलांना शिकवते म्हणून वरच्या जातींच्या पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. जाईबाईंनी मग आपल्याच वस्तीत चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली.

दोघींची गोष्ट संपली. चहा झाला. पुन्हा जोडलो तेव्हा भिंतीला टेकलेल्या एक बाई बोलल्या. त्या महापालिकेत झाडू मारतात, वर्गात कधी बोलत नाहीत. त्यांनी फोनजवळ येऊन विचारलं, "मॅडम, मले बँकेतला फारम भरता नाई येत. थे शिकवता का या वर्गात?" पुढचे दोन रविवार आम्ही पैसे काढायचा फॉर्म शिकलो. मी माझ्या बँकेचा कोरा फॉर्म पडद्यावर धरला, मॅडमनी त्यांच्या बँकेचा फळ्यावर काढला. त्या बाईंनी आपलं नाव लिहिलं, खाली नवऱ्याचं लिहायला घेतलं, थांबल्या, आणि त्याऐवजी आईचं लिहिलं. चुकलं म्हणून कुणी काही बोललं नाही. त्या फॉर्ममध्ये आईच्या नावाला जागाच नव्हती.

जुलैतल्या एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "त्या संपाचं कॉलेज दाखव ना आम्हाला, तिथं जाऊन." मी आणि मुलगी संध्याकाळी खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेलो. एकोणिसाव्या ॲव्हेन्यूवर धुकं रस्त्याच्या दिव्यांना बिलगून होतं. जुलैत तिथं स्वेटर लागतो. विद्यापीठाच्या हिरवळीवर शुकशुकाट होता. मी फोन वर धरला आणि गोल फिरवला. तिकडून आवाज आला, "ताई, थंडी हाये का तिकडं?" नागपुरातल्या दमट सकाळी त्या पोरांना मफलर बघून मौज वाटत होती.

मी सांगू लागले. ६ नोव्हेंबर १९६८ ला इथल्या विद्यार्थ्यांनी संप सुरू केला. काळ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेसोबत लॅटिनो, चिनी, जपानी, फिलिपिनो, मूळनिवासी अशी सगळी मुलं 'थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट' म्हणून एकत्र आली. संपाआधीच यातली कितीतरी मुलं शहरातल्या गरीब वस्त्यांत लहानांना शिकवायला जात. वस्तीत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की जे आपण शिकवतोय त्यात ही वस्ती कुठेच नाही, आणि जे आपण शिकतोय त्यातही नाही. त्यांच्या पंधरा मागण्या होत्या. आपल्या लोकांचा अभ्यास शिकवणारं स्वतंत्र महाविद्यालय हवं, तिथं कोण शिकवणार हे ठरवण्यात आपलाही शब्द असावा, आणि आपल्या वस्त्यांतल्या मुलांना प्रवेश मिळावा.

२ डिसेंबरला कॉलेजचे नवे हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा विद्यार्थ्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढले आणि त्यांनी कर्ण्याच्या तारा उपटून टाकल्या. हायाकावा भाषेचे नावाजलेले अभ्यासक होते. शब्द माणसावर काय करतात याचं पुस्तक लिहिलेला हा माणूस, आणि त्याच्या हातात तुटलेल्या तारा. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कळेना, की इतकं भाषाज्ञान असलेल्या माणसाला समोरच्या आवाजाची एवढी भीती का वाटावी.

"मंग?" एका पोरानं विचारलं. "मंग पोट्टे बिना माइकचे बोलले?"

बोलले, मी म्हटलं. आणखी साडेतीन महिने बोलत राहिले. २३ जानेवारीला एकाच दिवशी चारशेहून अधिक जणांना पोलिसांनी पकडलं, तरी थांबले नाहीत. अखेर समझोता झाला आणि अमेरिकेतलं एथ्निक स्टडीजचं पहिलं महाविद्यालय इथं उभं राहिलं. समझोत्याची तारीख २० मार्च १९६९.

तिकडे गडबड झाली. फोन पडला, छत दिसलं, पंख्याचं पातं दिसलं. मग एका नऊ वर्षांच्या मुलीचा चेहरा पडद्यावर आला. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"ताई, वीस मार्च! वीस मार्च म्हणजे महाड!"

या संपावर मी कितीतरी वाचलं होतं. महाडचा दिवस मला लहानपणापासून पाठ आहे, आमच्या घरी त्या दिवशी दिवे लागतात. तरी या दोन तारखा मी कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या. २० मार्च १९२७ आणि २० मार्च १९६९. तारखा जुळल्यानं इतिहास जुळत नाही, हे मला कळतं. पण दोन लढे शेजारी ठेवून बघणारा डोळा त्या मुलीला कुणी शिकवला नव्हता. तो तिच्या घरातून आला होता, डिसेंबरात चैत्यभूमीहून येणाऱ्या पुस्तकांतून, आजोबांच्या कॅलेंडरातून आला होता.

माझी मुलगी माझ्या शेजारी उभी होती, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. तिनं हळूच विचारलं, "आई, महाडला काय झालं होतं?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. फोन तिच्या हातात दिला. नागपुरातल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीनं सॅन फ्रान्सिस्कोतल्या धुक्यात उभ्या असलेल्या माझ्या मुलीला चवदार तळं सांगितलं. गुरंढोरं पाणी पीत, आपल्याला पिऊ देत नव्हते. बाबासाहेब पुढे गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, मग सगळे प्यायले. ती मधेच थांबून विचारत होती, "दीदी, समजून राहिलं ना?" माझी मुलगी मान डोलवत होती. मग तिच्या लक्षात आलं, की अंधारात तिकडे मान दिसत नसणार. ती मोठ्यानं म्हणाली, "समजून राहिलं." तो बोलीचा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. चार पायऱ्यांच्या त्रिकोणाचं उत्तर मी दोन वर्षं शोधत होते. ते तिला त्या तळ्याच्या काठी मिळालं, आणि द्यायला तिच्याहून लहान मुलगी आली.

परतताना गाडीत मी तिला सांगितलं, की सॅन फ्रान्सिस्कोतल्या शाळांमध्ये नववीच्या ज्या मुलांचे गुण फार कमी होते, त्यांना एथ्निक स्टडीजचा विषय दिला, तेव्हा स्टॅनफर्डच्या अभ्यासकांना त्यांच्या हजेरीत २१ टक्केबिंदूंची वाढ दिसली. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियानं हा विषय माध्यमिक शाळांत सक्तीचा करण्याचा कायदा केला. आणि अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये मेक्सिकन-अमेरिकन मुलांचा असाच वर्ग २०१० च्या कायद्यानं बंद पाडला होता, तो कायदा वंशद्वेषातून राबवला गेला असं न्यायालयानं २०१७ मध्ये म्हटलं. पुढच्या वर्गात मी ही हजेरीची गोष्ट सांगितली तेव्हा झाडूकाम करणाऱ्या त्या बाई म्हणाल्या, "आपलं नाव घेतलं तं पोट्टं येईनच ना शाळेत."

आणि तरीही काही पोरं येत नाहीत.

वर्गात एक मुलगी होती, चौदा वर्षांची. मुक्ता साळवेचा निबंध आम्ही तिच्याकडून वाचून घेतला होता, कारण तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत. मुक्ताही तेव्हा चौदाचीच. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली मांगाची पोर, आणि मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं लिहिलेलं १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आलं. आमच्या मुलीनं तो निबंध दोन रविवार वाचला. वाचताना ती अडखळली नाही, मॅडम मात्र दोनदा पदरानं डोळे पुसून आल्या.

मग तिची आई घसरून पडली, हात मोडला. आई चार घरची धुणीभांडी करायची. रविवारी त्या घरांत काम जास्त असतं. आता ती जाते. सोमवार ते शनिवार शाळा, रविवारी सकाळी धुणीभांडी. ग्रुपमध्ये तिचं नाव अजून आहे. कधीकधी तिच्या नावाची चौकट उघडते, काळी, माइक बंद. बापानं फोन सुरू ठेवून टेबलावर ठेवलेला असावा, त्याला वाटत असेल तेवढ्यानंही काही पोचेल. त्या काळ्या चौकटीकडे बघत मी शिकवत राहते. साडेबारा तासांचं अंतर कापून आवाज नागपूरला पोचतो, आणि पुढच्या गल्लीत पोचत नाही. हे दुःख कुठल्याही रिचार्जनं मिटणारं नाही. ज्या घरात रविवारच्या सकाळीही पोरीच्या हातात भांडी येतात, तिथं पडदा हतबल असतो. तिथं चालत जावं लागतं.

आणि मुली चालत गेल्या. मला हे फार उशिरा कळलं. दर रविवारी त्यांच्यातली एक जण फुलस्केप वहीत धडा उतरवून घेते, आणि संध्याकाळी ती वही त्या मुलीच्या दारात जाते. ती रात्री वाचते. सोमवारी शाळेच्या वाटेवर वही परत.

त्या वहीत जुलैच्या शेवटच्या रविवारचा धडाही गेला. तो धडा मी शिकवला नाही. त्या दिवशी आजी फोनसमोर मांडी घालून बसल्या होत्या.

"मी तवा मायच्या कडेवर होती," त्या म्हणाल्या. "माय सांगे. रातच्याला बिड्या वळून ठेवल्या, पहाटं निंगाली. कामठीवरून पायी, पाच कोस. मोठं मैदान, समदं बायाईनं भरलेलं. एवढ्या बाया तिनं जत्रेतबी पायल्या नव्हत्या. बाबासाहेब आले तं कुणी बसूनच राहिना."

ती २० जुलै १९४२ ची अखिल भारतीय दलित महिला परिषद होती, नागपुरात भरलेली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरण्यांतल्या आणि बिडी कारखान्यांतल्या बायांना हक्काच्या रजा मिळाव्या, असे ठराव त्यांनी केले. ज्या घरातून ओझं डोक्यावर घेऊन बाहेर पडायचं, त्या घरातून बाया ठराव घेऊन बाहेर पडल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन चळवळीतल्या बायांच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं आणि यातलं पुष्कळ काही उरलं. आमच्या सतरंजीवरच्या मुलींपैकी मात्र एकीनंही हे आधी ऐकलं नव्हतं. त्या मैदानापासून त्या काही मैलांवर राहतात.

आजी बोलत होत्या तेव्हा चाळीस मिनिटं संपली आणि मीटिंग तुटली. पुन्हा जोडलो तेव्हा त्या बोलतच होत्या. आम्ही गेलो आहोत हे त्यांना कळलंच नव्हतं. मधला तुकडा माझ्यापर्यंत आला नाही, पण मुलींनी तो ऐकला होता आणि वहीत उतरवला होता.

पुढच्या रविवारी वही परत आली. वर्ग सुरू व्हायच्या आधी एका मुलीनं ती उघडून फोनसमोर धरली. अक्षरं आधी धूसर, मग उलटी वाटली, मग हात स्थिरावला आणि मला वाचता आलं. शेवटच्या ओळीखाली, निळ्या शाईत, भांडी घासून ओल्या राहिलेल्या बोटांनी लिहिल्यासारखं थोडं पसरलेलं, त्या चौदा वर्षांच्या मुलीनं लिहिलं होतं: माझ्या आईची आजीही कामठीची होती. त्या पंचवीस हजार बायांमध्ये ती होती का? हे कुठं सापडेल?

कुणी बोललं नाही. मला उत्तर माहीत नव्हतं. मॅडमना नव्हतं. आजींनी वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, पडदाभर पुन्हा त्यांच्या चष्म्याची काच. "आडनाव काय तिच्या आजीचं?" त्यांनी मुलींना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. "जा, इचारून या," आजी म्हणाल्या. दोन मुली चपला शोधायला उठल्या, दार उघडलं, आणि उन्हाचा एक चौकोन सतरंजीवर येऊन पडला. आम्ही सगळे, फ्रीमाँटमधले आणि नागपुरातले, त्या दोघी परत यायची वाट बघत बसलो.